बैतूलचा बाप्तिस्मा अकोल्यात का धरत नाहीत?

आपल्या वऱ्हाडातल्या काही मंडळ्यांत वर्षानुवर्षं एक गोष्ट चालू आहे आणि तिच्याबद्दल कुजबूज सोडली तर कोणी बोलत नाही. बैतूल-छिंदवाड्याकडची ल्यूथरन मुलगी लग्न होऊन अकोला-अमरावतीकडे येते. दोन-तीन रविवार कौतुकात जातात. मग तिला सांगण्यात येतं, "तुमचा बाप्तिस्मा लहानपणीचा, तो आमच्याकडे चालत नाही. पुन्हा घ्या, मग सभासद व्हा."

पोस्ट लांब आहे, पण वाचा. ख्रिस्ती नसाल तरी वाचा. आलेल्या सुनेला किती वर्षांनी घरचं समजायचं, हा काही फक्त चर्चमधला प्रश्न नाही.

आधी हे ल्यूथरन कुठून आले ते सांगतो, कारण आपल्यातल्याच बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. 1877 मध्ये स्वीडनचे ल्यूथरन मिशनरी मध्य प्रांतात आले. सागर, छिंदवाडा, बैतूल हा त्यांचा मुलूख झाला. सातपुड्याच्या अलीकडे अकोला-अमरावतीत अमेरिकेच्या अलायन्स मिशनचं काम, वाशिमला नाझरीन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट. मिशनऱ्यांनी आपापसांत भाग वाटून घेतले, एकमेकांच्या भागात जायचं नाही असं ठरवून. म्हणजे माझे पणजोबा डोंगराच्या या बाजूला होते म्हणून मी अलायन्सचा. त्या बाजूला असते तर मी ल्यूथरन असतो आणि हिंदीत गीतं म्हणत असतो. यात आमच्या घराण्याने धर्मशास्त्राचा अभ्यास करून काही निवडलं असं अजिबात नाही. दुष्काळात ज्याने भाकर दिली आणि शाळेत घातलं, त्याची मंडळी ती आपली मंडळी.

फरक आहे, तो मी नाकारत नाही. ल्यूथरन लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात आणि मोठेपणी त्याच्याकडून विश्वासाची कबुली घेतात. अलायन्सची शिकवण अशी की बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतः विश्वास ठेवून, पाण्यात बुडवून घ्यायचा. आमच्यात बाळाचं फक्त समर्पण होतं. पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की ज्याला काही कळतच नव्हतं त्याने घेतलेल्या बाप्तिस्म्याला बाप्तिस्मा कसं म्हणायचं? मुद्दा प्रामाणिक आहे. मीही सोळाव्या वर्षी पाण्यात उतरलो आणि त्याचा मला आनंदच आहे.

पण मग आमच्या वहिनींचं काय करायचं?

वहिनी बैतूलच्या. लग्नाला अकरा वर्षं झाली. रविवारची मुलांची शाळा त्याच घेतात. मराठी इथे येऊन शिकल्या, आता उपासना संगीतातली टिळकांची गीतं पुस्तक न बघता म्हणतात. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, कोहळे, अंडी, एखादी कोंबडी घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या लिलावाचा हिशोब वहिनींच्या वहीत असतो. वीस रुपयांचं कोहळं तीनशेला घेऊन परत चर्चलाच देणाऱ्या काकांकडून पैसे वसूल करणं सोपं काम नाही बाप्पा! कोणी वारलं की मयतीच्या घरी रात्रभर बसायला त्या असतात. नाताळात त्यांच्या करंज्या अर्ध्या मंडळीच्या घरी जातात.

आणि वार्षिक सभेत त्यांना हात वर करता येत नाही. महिला मंडळाच्या कमिटीवर नाव सुचवलं की कोणीतरी हळूच म्हणतं, "त्या सभासद नाहीत ना." प्रभुभोजनाचं ताट त्यांच्यापाशी आलं की त्या ते शेजारी सरकवतात.

दोन वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली. त्यांच्या शेजारी नेहमी एक मावशी बसतात, पंचांच्या घरातल्या. दोघींची घट्ट मैत्री. दवाखाना, बाजार, सगळं बरोबर. एका रविवारी मावशींनीही ताट तसंच पुढे सरकवलं. तेव्हापासून दर वेळी सरकवतात. कोणाला काही बोलल्या नाहीत. घरी पंचसाहेबांनी विचारलं तर म्हणे उलट विचारलं, "तिचा पयला बाप्तिस्मा देवानं ऐकलाच नाई का? कायले दुसरा लागते?" या मावशी सातवी शिकलेल्या आहेत.

आता पाळकांसाठी आणि पंचांसाठी थोडा इतिहास. अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्पसन मूळचे प्रेस्बिटेरियन, बाळपणी बाप्तिस्मा झालेले. 1881 मध्ये त्यांनी जाणतेपणी पुन्हा घेतला, हे खरं आहे आणि आमच्याकडे ते आवर्जून सांगितलं जातं. पण तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. सभासदांच्या रजिस्टरात नाव यावं म्हणून कोणी त्यांना घ्यायला लावलेला नव्हता. आणि 1887 मध्ये त्यांनी जे उभं केलं, ते वेगवेगळ्या चर्चमधल्या लोकांनी एकत्र येऊन करायचं काम होतं, नवा पंथ नव्हता. म्हणून तर नाव अलायन्स! दोस्ती, युती. पंथ म्हणून रीतसर मांडणी झाली ती थेट 1974 ला.

आणि तिकडे मार्टिन ल्यूथर. पोपशी आयुष्यभर भांडला, पण 1483 मध्ये पोपच्या चर्चमध्ये एक दिवसाचा असताना झालेला बाप्तिस्मा त्याने कधी रद्द धरला नाही.

तोडगा नाही असंही नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्या नागपुरातच सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बाप्टिस्टही होते आणि बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते. दोन्ही पद्धती मान्य करून ते एका छताखाली आले. अलायन्स त्यात गेलं नाही, ल्यूथरनही गेले नाहीत. ठीक आहे, एक होऊ नका. पण एकमेकांचं पाणी तरी धरा.

पाण्यावरून आठवलं. काही मंडळ्या बाप्तिस्म्यासाठी पूर्णेवर जातात. पूर्णा उगम पावते बैतूल जिल्ह्यात, भैसदेहीकडे. म्हणजे बैतूलचंच पाणी खारपाणपट्ट्यात येऊन खारट झालं की आम्हाला चालतं.

दुसरी काळजी बाहेरची आहे. मध्य प्रदेशात धर्मांतराचा कायदा 1968 पासून आहे, 2021 च्या नव्या कायद्यात तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं आहे. महाराष्ट्रातही कडक कायदा आणू, असं सरकारने 2025 मध्ये सांगितलं. अशा दिवसांत नदीत उभ्या असलेल्या बाईचा व्हिडिओ फिरला, तर ती जन्मापासून ख्रिस्तीच आहे हे कोण विचारणार? तरी भीती हे माझं कारण नाही. उद्या सगळे कायदे रद्द झाले तरी मी हेच म्हणेन. इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडा आणि पौल बाप्तिस्मे किती मोजतो ते बघा.

येत्या वार्षिक सभेसाठी मी लेखी ठराव देतोय: दुसऱ्या मंडळीत पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा मान्य करून सभासदत्व द्यावं, ज्याला स्वतःहून पुन्हा घ्यावासा वाटेल त्याने खुशाल घ्यावा. आतापर्यंत सात सह्या झाल्यात, त्यात एक पंचांच्या घरची आहे. आमच्या मंडळीतल्या ज्यांना करायची असेल त्यांनी रविवारी उपासनेनंतर गेटजवळ भेटा.

वहिनींना विचारूनच हे लिहिलंय. वाचून त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, माझं नाव नका टाकू. आणि कोहळ्याचे तीनशे अजून आले नाहीत, तेही लिहा."