वणव्याचा पंचनामा कोण करणार?

होळी उलटली की गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटच्या जंगलांतून धूर दिसू लागतो आणि त्यापाठोपाठ ठराविक वक्तव्येही येऊ लागतात. आदिवासी अज्ञानी आहे, मोहफुलांसाठी तो जंगल पेटवितो, त्याला जबर शिक्षा झाली पाहिजे, हा त्यांचा मथितार्थ. साग, ऐन, धावडा, बिजा या कठीण लाकडाच्या झाडांचे आगीत नेमके काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारणाऱ्या मोजक्या लोकांत वनस्पतिशास्त्राचे व वनविद्येचे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. करपलेल्या खोडांच्या सालीची जाडी मोजत, पावसाळ्यात पुन्हा त्याच झाडांपाशी जाऊन फुटवे मोजत ते जी माहिती गोळा करतात, ती कायद्याच्या भाषेशी जुळत नाही. चळवळीने या संशोधनाकडे लक्ष द्यावयाचे ते याच कारणासाठी.

पानझडी जंगलातील आग बहुधा जमिनीलगतची असते. पाचोळा व गवत जळते, शेंडे सहसा पेटत नाहीत. साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा पातळ थर सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेला मरतो. त्याला वाचविते ती साल. सालीची जाडी दुप्पट असेल तर उष्णता आत पोहोचण्यास साधारणपणे चौपट वेळ लागतो. म्हणूनच भेगाळलेल्या जाड सालीचा जुना ऐन आगीतून सहीसलामत निघतो, आणि शेजारचे अंगठ्याएवढे रोप जमिनीपर्यंत जळते. पण तेही बहुधा मरत नाही, मुळातून पुन्हा फुटते. तामिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून ५० हेक्टर क्षेत्रातील खोडांना क्रमांक देऊन नोंद ठेवली आहे. आगीत मरतात ती प्रामुख्याने बारीक खोडे, आणि त्यांतील पुष्कळ पुन्हा फुटतात, असेच तेथेही आढळले.

याचा अर्थ आग निरुपद्रवी आहे असा काढणे हा भाबडेपणा ठरेल. दरवर्षी आग लागली तर रोपाला डोके वर काढण्यास उसंतच मिळत नाही. बुंध्यावरच्या जखमेतून बुरशी शिरते आणि वरून धडधाकट दिसणारे झाड आतून पोकळ होते. माघातील दवाने ओलसर पाचोळ्याची आग आणि वैशाखातील आग, या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर असते. प्रश्न आहे तो आग किती वर्षांनी, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या निर्णयाने लागते, हा.

इंग्रज सरकारला हे कळले नव्हते असे नाही. रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड हवे म्हणून १८६०च्या दशकापासून मध्य प्रांतात आगबंदीचे प्रयोग सुरू झाले. परंतु पुढे ब्रह्मदेशातील ओलसर सागवनांत आणि बंगाल-आसामच्या शालवनांत, आग थांबविल्यावर सदाहरित झुडपे माजली आणि साग-शालाची नवी रोपे उभी राहीनाशी झाली. खुद्द वनाधिकाऱ्यांनीच तक्रार केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत खात्याने तेथे नियंत्रित जाळणी स्वीकारली. कायदा मात्र बदलला नाही. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविते. एवढेच नव्हे, तर हेतुपुरस्सर अथवा घोर निष्काळजीपणाने आग लागल्यास त्या वनातील चराई व वनोपजाचे सर्व हक्क स्थगित करण्याची मुभा ते सरकारला देते. एकाने काडी ओढावी आणि साऱ्या गावाची गुरे उपाशी राहावीत, हा सामुदायिक दंड स्वतंत्र भारतातही टिकून आहे. वनखाते उन्हाळ्यापूर्वी स्वतः जाळरेषा काढते ते शास्त्र, आणि गोंडाने मोहाखालचा पाचोळा जाळला तर तो अपराध!

कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरातील सोलिगांची कहाणी या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे १९७४ मध्ये अभयारण्य झाले आणि वर्षारंभीची त्यांची पाचोळ्याची आग बंद पडली. पुढे घाणेरीने जंगल व्यापले, आवळ्यावर बांडगुळे वाढली. आगच या दोहोंना आवर घालीत होती, असे सोलिगा सांगत राहिले. बंगळुरूच्या ‘अशोका ट्रस्ट’मधील संशोधकांनी ते म्हणणे अडाण्यांची समजूत म्हणून झटकले नाही, तपासण्याजोगे गृहीतक म्हणून घेतले. विद्यापीठांतून अद्याप हे अपवादानेच घडते. दोन उन्हाळे जंगलात काढणारा विद्यार्थी संशोधक ठरतो आणि चाळीस उन्हाळे पाहिलेला म्हातारा फक्त वाटाड्या.

आपल्याकडे आगीमागे आणखी एक हितसंबंध आहे, आणि त्याचा उच्चार होत नाही. जळालेल्या तेंदूच्या झुडपाला कोवळी, नितळ पाने येतात. बिडीला तशीच हवी असतात. झुडपांच्या छाटणीचे पैसे वाचवावयाचे असतील तर काडी स्वस्त पडते. नफा ठेकेदाराचा, खटला मजुराचा. आणि आग भडकल्यावर हिरव्या फांद्यांनी ती झोडपणारेही त्याच गावचे रोजंदार. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. फांद्या तोडल्याने आणि आगीने जंगलाची हानी होते म्हणून हातच्या उत्पन्नावर पाणी सोडणाऱ्या या गावाला वन-संवर्धन शिकविण्यास कोणी जाऊ नये.

२००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ने ग्रामसभेला वनाच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. तेव्हा केव्हा जाळावयाचे, कोठे मुळीच जाळावयाचे नाही, हे ठरविण्याचा अधिकारही त्यातच येतो, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभांच्या ठरावांतून पुढे आणावी. हक्क स्थगित करणारी तरतूद रद्द झाली पाहिजे. विद्यापीठांनीही आगीवरील प्रबंध ज्या गावाच्या जंगलात झाला, त्या गावाच्या सभेत मराठीत वा गोंडीत वाचून दाखविण्याची अट घालावी. तेथे उलटतपासणी कडक होईल.