नंबर बाराचा चहा

चहाच्या बाबतीत आपण मराठी माणसं तशी भाबडी. आलं, गवती चहा, दूध आणि साखर यांनी पातेलं भरलं, की पत्ती कुठल्या मळ्यातली हे विचारायला जागाच उरत नाही. ऊलाँगचं तसं नाही. हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला हा प्रकार नुसत्या गरम पाण्यात घेतात. तोडलेली पानं सुकवतात, मग पुनःपुन्हा हलवून त्यांच्या कडा चुरगळतात. कडा तांबूस होऊन फुलांसारखा वास सुटला, की पानं आचेवर टाकून ती क्रिया तिथंच रोखतात आणि वळून घट्ट गोळ्या करतात. नेमकं केव्हा रोखायचं, हे कारागीर नाकानं ठरवतो.

हे कसब चीनच्या फूच्यान प्रांतातलं आणि तैवानमधलं. म्हणून ‘थायलंडचा ऊलाँग’ म्हटलं, की दर्दी नाक मुरडतात. मला हे नाक मुरडणं पटत नाही, आणि त्याचं कारण नुसतं चवीचं नाही.

थायलंडच्या उत्तरेला, चिआंग राय प्रांतात, सुमारे चार हजार फूट उंचीवर मे सालाँग नावाचं गाव आहे. अक्षांश पाहाल तर आपल्या नाशिकचाच. १९४९ साली चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली, तेव्हा च्यांग कै-शेक तैवानला गेले. पण युन्नान प्रांतातलं त्यांचं काही सैन्य डोंगर ओलांडून ब्रह्मदेशात शिरलं. तिथूनही हुसकावलं गेल्यावर १९६१ साली त्यातले काहीजण या डोंगरावर येऊन राहिले. ना चीन त्यांचा, ना थायलंड. सैन्य पोसायचा खर्च अफूच्या व्यापारातून निघे. त्यांचे सेनापती त्वान यांनी १९६७ साली एका ब्रिटिश पत्रकाराजवळ हे उघडपणे मान्य केलं होतं. पुढे थाई सरकारनं त्यांना आपल्याकडच्या कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध लढायला लावलं. त्या लढायांची किंमत म्हणून त्यांच्यातल्या अनेकांना नागरिकत्व मिळालं. गावाला सरकारी नाव मिळालं सांतीखिरी, म्हणजे शांतीचा डोंगर. अफूची जागा चहानं घेतली. रोपं आणि तंत्र तैवानमधून आलं. तैवानच्या चहा संशोधन केंद्रानं १९८१ साली प्रसृत केलेलं ‘चिन श्वान’ नावाचं वाण तिथं चांगलंच रुजलं. त्याचा क्रमांक बारा, म्हणून त्याला नुसतं ‘नंबर बारा’ही म्हणतात.

माझ्या भाचीनं त्या गावातून एक डबा आणला होता. तैवानचा त्याच वाणाचा चहा घरात होता, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सारखी पत्ती, उकळी बसलेलं सारखं पाणी. गोळ्या उलगडून अख्खी पानं देठासकट वर आली. पहिल्या दोन वेळा मला फरक सांगता येईना. या वाणाचा म्हणून जो सायीसारखा मऊ वास सांगतात, तो दोन्हींत होता. तिसऱ्या पाण्याला थाई चहा जरा तुरट झाला, चौथ्याला पातळ पडला. तैवानचा मात्र टिकून राहिला. तेव्हा तैवानचा सरस, यात वाद नाही. पण पहिल्या दोन कपांचं सुख खोटं होतं असं कोण म्हणेल?

खरी लबाडी पुढे बाजारात होते. थायलंड-व्हिएतनामचा स्वस्त ऊलाँग तैवानच्या चहात मिसळून तैवानच्या नावानं विकल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हे सहीसारखं वाटतं: दुसऱ्याची सही कितीही हुबेहूब केली, तरी चेक खोटाच. यात फसतो तो केवळ गिऱ्हाईक नव्हे. तैवानच्या शेतकऱ्याचा भाव पडतो, आणि ज्या लोकांजवळ वर्षानुवर्षं कुठल्याच देशाचा कागद नव्हता, त्यांच्या चहालाही स्वतःचं नाव मिळत नाही. मला दुसरी गोष्ट अधिक लागते.

आपल्याला हे परकं वाटू नये. १८४१ साली डॉ. कॅम्बेल यांनी दार्जिलिंगात चहाचं बी लावून पाहिलं, तेव्हा तेही चहाचं गाव नव्हतंच. आज त्याच नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि शेजारच्या नेपाळचा चहा आपल्या नावानं विकला जातो अशी तिथल्या मळेवाल्यांची तक्रार आहे. आणि हापूस? कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत बसून येतो, तेव्हा आपण चिडतो, ते योग्यच. पण कोकणातल्या हापूसच्या काड्या नेऊन आफ्रिकेतल्या मलावीत बागा उभ्या राहिल्या. तो आंबा नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीला उतरतो, तो मलावीचा म्हणूनच. कुणाला महाग वाटतो, कुणाला कमी गोड. पण त्याला कुणी चोर म्हणत नाही.

शहरांतल्या बड्या दुकानांतून आता ऊलाँगचे डबे दिसू लागले आहेत. वर डोंगर, ढग आणि एखादी चिनी अक्षरांची ओळ. मळा कुठला, ते बहुधा नाहीच. अशा वेळी मी दुकानदाराला गाव विचारतो. तो डबा उलटासुलटा करून पाहतो आणि म्हणतो, “इंपोर्टेड आहे, काका.”