डाग पाण्याचे, बोल मामांना

गाडी घरी धुतली की बॉनेटवर आणि काचेवर पांढरे ठिपके का राहतात, यावर आपल्या लोकांची मतं ऐकण्यासारखी असतात. शाम्पू हलका होता. फडकं जुनं होतं. पाणी कमी मारलं. यातलं शेवटचं तर सगळ्यात भारी. म्हणजे पाण्याचे डाग घालवायला अजून पाणी!

मंडळी, आपण सगळे बारावीला केमिस्ट्री घेऊन इंजिनियर झालो ना? टेम्पररी हार्डनेसवर चार मार्कांचा प्रश्न यायचा, आठवतोय? बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी उडून गेलं की ते कुठे जाणार? तिथेच बसतात. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर जमतो, बाथरूमच्या बादलीला जी किनार धरते, तोच प्रकार बॉनेटवर. बॉनेट तापलेलं असेल तर काम अजूनच फटाफट.

परवा आमच्याकडे टीडीएस मीटर घेऊन बसलो (काहीशे रुपयांत मिळतो, घ्याच). टँकरचं पाणी ७८०. महापालिकेच्या नळाचं शंभराच्या आत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक म्हणतं ५०० पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या. म्हणजे टँकरवाला बेकायदा काही देत नाहीये. आता गणित करा. धुऊन झाल्यावर गाडीच्या अंगावर साधारण पाव लिटर पाणी राहतं असं धरू. पाव लिटर गुणिले ७८०, म्हणजे जवळजवळ २०० मिलिग्राम क्षार. तुम्ही गाडी १५ लिटरमध्ये धुवा नाहीतर १५० लिटरमध्ये, शेवटी अंगावर राहणारं पाणी तेवढंच आणि त्यातले क्षारही तेवढेच. डाग पडणार की नाही हे ठरतं ते एकाच गोष्टीवर: ते पाव लिटर पुसलं गेलं की वाळलं.

आता हे सगळं मी इतकं तावातावानं का लिहितोय? कारण आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक सूचना आली. एका काळ्या एसयूव्हीवर डाग पडलेत, म्हणून पहाटे गाड्या धुणाऱ्या मामांचे पैसे कापायचे. ज्याच्या गाडीवर डाग त्याने निम्मेच द्यायचे. हात पण पटापट वर झाले. बरं, हात वर करणाऱ्यातले निम्मेअधिक लोक ऑफिसात बग आला की आधी रूट कॉज विचारतात. इथे एकानेही विचारलं नाही.

मामांचं टाइमशीट बघू. पाच ते आठ, म्हणजे १८० मिनिटं. गाड्या २२. एका गाडीला आठ मिनिटं, त्यात तळमजल्यावरच्या नळावरून बादली आणायची. हाताशी एक फडकं, तेही आपल्यापैकीच कुणाचा तरी जुना बनियन. तिसऱ्या गाडीपर्यंत ते चिंब होतं, आणि पुढच्या १९ गाड्या पुसल्या जात नाहीत, त्यांच्यावर पाणी फक्त पसरवलं जातं. ते वाळतं. दुसऱ्या दिवशी परत तेच, त्यावर नवा थर. हे रोज करा असं कुणी सांगितलं? आपणच. गाडी रोज ओली झाली नाही तर पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत आपल्याला!

मीटिंगमध्ये अजून दोन रत्नं निघाली. एक, सोसायटीला सॉफ्टनर बसवला आहेच की. अहो, सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम ठेवतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. डाग पडायचे ते पडतातच, फक्त ओल्या फडक्यानं सहज निघतात. दुसरं रत्न व्हॉट्सअपवरचं: आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा, पाणी वाचवा. भावना चांगली आहे. पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात राव, म्हणून तर ते मशीन बाहेर टाकतं. टायर धुवा, मॅट धुवा, चिखल सोडवा. शेवटचा हात मात्र त्याचा नको.

असो. नुसती टीका नको, कसं करायचं तेही सांगतो. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. दोन बादल्या घ्यायच्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत कापड खंगाळायला साधं. वरून खाली यायचं, एका वेळी एक भाग, आणि शाम्पू वाळू द्यायचा नाही. शेवटी दोन लिटर चांगलं पाणी, म्हणजे नळाचं किंवा आरओचं शुद्ध, मगातून हळूच सोडायचं. फवारा मारला की थेंब बनतात, धार सोडली की पाणी एकसंध ओघळून जातं. आणि लगेच, म्हणजे फोन न बघता, मोठं मायक्रोफायबर पसरून ओढायचं. मग दुसरं कोरडं कापड. आरसे, दाराचे हँडल, नंबरप्लेटची फट, डिकीची कड इथे पाणी लपून बसतं आणि पाच मिनिटांनी ओघळ सोडतं, म्हणून दारं-डिकी उघडून कडा पुसायच्या. सगळं मिळून २५-३० लिटर. आमच्या पार्किंगच्या नळाखाली १५ लिटरची बादली एका मिनिटात भरते, त्यावरून दहा मिनिटं पाइप धरणाऱ्यांनी आपापला हिशोब करावा. मार्च २०२४ मध्ये बंगळुरात पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५००० रुपये दंड लावला होता. आपल्याकडे वाकड-वाघोलीत उन्हाळ्यात टँकरची रांग लागते आणि खाली पार्किंगमध्ये पाइप चालू. :-)

त्या काळ्या एसयूव्हीचं काय? जुने डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून, कापडानं मिनिटभर दाबून, लगेच धुऊन टाकले तर बरेचसे निघतात. कार्बोनेट ॲसिडमध्ये विरघळतो, पुन्हा बारावी. आधी कोपऱ्यात करून बघा आणि उन्हात करू नका. उन्हात तापून रंगावरच्या पारदर्शक थरात रुतले असतील तर पॉलिश करावं लागेल, आणि तो थर असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, दर वेळी थोडा घासला जाणार. गाडीवरच्या गोल गोल चरा वेगळ्या, त्या धुळीच्या फडक्याच्या. त्याचं बिलही मामांवर फाडू नका, फडकं तुमचंच होतं.

माझी सूचना मी सेक्रेटरींना लेखी दिली आहे. ओलं पुसणं आठवड्यातून दोनदाच. मामांना सोसायटीकडून दहा-बारा मायक्रोफायबर कापडं, नळाच्या पाण्याची वेगळी टाकी, आणि पैसे आहेत तेवढेच, एक रुपयाही कमी नाही. ज्यांना रोज ओली गाडी हवी त्यांनी पाचला उठावं, स्वतःची बादली आणावी. मामा दुसरी बादली द्यायला तयार आहेत, मी विचारलंय.