पिवळं पान दिसलं की युरिया!

गेल्या ऑगस्टमध्ये दोन दिवस तिवस्याला गेलो होतो. आठवडाभराच्या झडीनंतर नुकतं ऊन पडलं होतं आणि काकांचं सोयाबीन पिवळंजर्द झालं होतं. "युरियाची एक बॅग फेकली, काही फरक नाही पडला. आता दुसरी आनतो," काका म्हणाले. मी म्हटलं, काका, जरा थांबा. त्यावर लगेच, "तू कंप्युटरवाला, तुले वावरातलं काय समजते?"

वावरातलं फारसं समजत नाही, कबूल. पण अडलंय कुठे हे शोधणं हाच माझा धंदा आहे. सर्व्हर डिस्कमुळे रखडत असेल तर मेमरी कितीही वाढवा, ढिम्म हलत नाही. पिकाचंही तसंच. जे सगळ्यात कमी, तेच वेग ठरवतं.

म्हणून पानं नीट बघितली. शेंड्याची नवी पानं पिवळी, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पानं ठणठणीत. नत्र कमी असतं तर उलट दिसलं असतं, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं. लोह असं हलवता येत नाही. म्हणजे उपाशी होतं ते लोहासाठी! लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. मग ऊन, पाणी, नत्र सगळं हजर असूनही पानातला कारखाना बंद.

गंमत म्हणजे आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे. पण चुनखडीमुळे सामू 8 च्या पुढे गेला की ते विरघळत नाही. झडीत पाणी साचलं की बायकार्बोनेट वाढतो आणि मुळं आणखीच अडतात. खात्यात पैसे आहेत, पण एटीएम बंद! त्यात युरिया टाकला की मातीत नायट्रेट वाढतं आणि हा पिवळेपणा उलट वाढू शकतो. शिवाय सोयाबीन स्वतःचं बरंचसं नत्र मुळांवरच्या गाठींतून मिळवतंच.

हीच गोष्ट समुद्रात घडते. पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ करतं. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नत्र, स्फुरद मुबलक, पण लोह नाही, म्हणून शेवाळ फार वाढत नाही. 2009 साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मन शास्त्रज्ञांबरोबर तिथे 300 चौरस किलोमीटरवर लोह टाकून पाहिलं. प्रयोगाचं नावच 'लोहाफेक्स'. टाकलं काय, तर फेरस सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस!

शेवाळ वाढलं, पण थोडंच. डायटम नावाच्या शेवाळाला कवचासाठी सिलिका लागते, ती तिथे संपलेली होती. बाकीचं बारीक शेवाळ वाढलं ते इवल्या प्राण्यांनी फस्त केलं. त्यामुळे हवेतला कार्बन खोल समुद्रात नेऊन पुरायचा बेत फारसा साधला नाही. एक अडथळा काढला की पुढचा उभा.

म्हणून माझं म्हणणं 'युरियाऐवजी हिराकस' असं नाहीच. आधी बघा, मग टाका. युरिया अनुदानामुळे स्वस्त आहे, म्हणून तो आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावरची गोळी झालाय. चुकीची बॅग स्वस्त असली तरी मजुरी जाते, हंगामाचे दिवस जातात, आणि ते उसने मिळत नाहीत. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू आणि लोह दोन्ही लिहिलेले असतात. आमच्या घरची पत्रिका कपाटात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडली.

शेवटी काकांनी कृषी सहायकाला विचारून अर्धा टक्का हिराकस, सोबत चुन्याची निवळी, असं फवारलं. पानावर, कारण मातीत टाकलं तर तेही अडकतं. मी हट्टानं दोन तासं न फवारता ठेवायला लावली. आठवड्यानं काकांचा फोन. फवारलेलं हिरवं झालं होतं. वाफसा आल्यावर ती दोन तासंही हिरवी झाली, पण जरा उशिरानं.

दुसरी बॅग मात्र आली नाही. असो. यंदा त्या पत्रिकेची एक झेरॉक्स देवघराशेजारी चिकटवून आलोय.