फसलेल्या चित्रांनाही गुण द्या

महाविद्यालयातील चित्रकलेच्या वर्षअखेरच्या प्रदर्शनात हिंडताना एकच चित्र तीस वेळा पाहिल्याचा भास होतो. तोच कृष्णेचा घाट, तेच मावळते बिंब. छायाचित्रणाच्या वर्गातही निराळे घडत नाही. यात दोष विद्यार्थ्यांचा नाही. ज्या कामाला गुण मिळतात तेच काम तो करतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तरी याचे नवल वाटू नये!

वस्तुतः सातारा-सांगलीने याबाबत बाहेरून धडे घेण्याचे कारण नव्हते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ साली त्यांनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचे पाषाणशिल्पही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर त्यांना ती सोडावी लागली. रेखाटन मात्र सुटले नाही. यांत्रिक रेखाटन ते शिकले, पुढे शिकवलेही, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजच्या गुणपत्रिकेत या विद्यार्थ्यापुढे 'अनुत्तीर्ण' एवढाच शेरा पडला असता.

सर्जनशीलता शिकवता येत नाही, असे काही कलाशिक्षक म्हणतात. मान्य, पण ती मारता येते, हे आपण रोज पाहतो. नक्कल सर्वथा त्याज्य आहे असेही नव्हे. बाळासाहेबांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्या मूळ भिंतीसमोर उभे राहून केलेल्या होत्या. आमचा विद्यार्थी नकलेची नक्कल करतो, तीही भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून.

म्हणून निम्मे गुण वर्षभराच्या रेखाटनवहीला द्यावेत, आणि तीत फसलेली चित्रेही असावीत. छायाचित्रणाच्या विद्यार्थ्याने सांगलीच्या हळदीच्या सौद्यांना महिनाभर जावे. निवडलेल्या पाच छायाचित्रांबरोबर टाकून दिलेली पन्नासही दाखवावीत, आणि ती का टाकली हे सांगावे. औंधची एक सहल अभ्यासक्रमातच असावी.

याला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ. खरी अडचण तेथेच आहे. दुपारपर्यंत साऱ्या वर्गाचे काम उरकणारा परीक्षक तीस वह्या कधी चाळणार? आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाचे मानधन घेतलेल्या तासांवर ठरते. शिवाजी विद्यापीठाने वह्या तपासण्याचे तास त्यात धरावेत, मग विद्यार्थ्यांकडे नावीन्य मागावे.