चाल कोनी शे?

'बालगंधर्वांचं गाणं' असं म्हणणं आपण जरा कमी केलं पाहिजे.

थांबा, दगड उचलू नका! मी पारोळ्याचा, म्हणजे जळगाव जिल्ह्यातलाच. छोट्या नारायण राजहंसाला गाण्याचे पहिले धडे जळगावात मिळाले. शहरात बालगंधर्व खुलं नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव होतो. अभिमान मलाही आहे. पण...

'नाथ हा माझा' घ्या. नाटक 'स्वयंवर', साल १९१६. शब्द खाडिलकरांचे, गळा बालगंधर्वांचा. आणि चाल? ऑफिसात पाच जणांना विचारलं. चौघं गप्प, पाचवा म्हणाला, "त्यांचीच असेल ना!"

नाही राजा. चाल भास्करबुवा बखल्यांची.

कोण हे बुवा? जन्म १८६९. लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गायचे. वयात येताना आवाज फुटला आणि पोराची किंमत संपली. दुसरा असता तर गाणं सोडून कुठेतरी चिकटला असता. हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकले. म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर ही तिन्ही घराणी एका गळ्यात! १९११ मध्ये पुण्यात त्यांनी भारत गायन समाज उभा केला. मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य, आणि खुद्द बालगंधर्वही. १९२२ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी बुवा गेले. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आपल्याकडे नाही.

म्हणजे त्यांच्या चाली हाच आता त्यांचा आवाज. आणि नेमकं तिथलंच नाव आपण गाळतो.

यावर जाणकार म्हणतील, "चाली कसल्या, मुळात जुन्या बंदिशीच होत्या त्या." बरं मग? मी रोज दुसऱ्यांच्या लायब्ररी वापरून कोड लिहितो. म्हणून माझा प्रोग्राम आपोआप तयार होतो का? मैफलीत अर्धा तास फुलणारा राग पाच-सात मिनिटांच्या पदात बसवायचा, त्यात रुक्मिणीचं मन दिसलं पाहिजे, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला गुणगुणता आलं पाहिजे. करून बघा!

गळा मोठा होताच, वाद नाही. पण म्हणून चाल बांधणाऱ्याला पडद्याआड का ठेवायचं? आपण अ‍ॅप बनवणारी माणसं. गाण्याच्या नोंदीत गायकाचा रकाना सक्तीचा आणि संगीतकाराचा ऐच्छिक, हे कोण ठरवतं? आपल्यातलाच कोणीतरी. रिलीजमध्ये आपलं नाव गाळलं की आपण दोन दिवस धुसफुसतो. इथे माणूस जाऊन शतक उलटलं, भांडायलाही येणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नाट्यपद ऐकून कोणी 'वा!' म्हटलं, की आमच्या अहिराणीतला एवढाच प्रश्न टाका: "चाल कोनी शे?"

उत्तर आलं नाही, तर तुम्ही सांगा.