दुर्मीळ काय? जनुकातला बदल की बाईची तपासणी?

फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचा रोग, असं आपण सगळ्याच धरून चालतो. बाई खोकायला लागली की आधी चुलीचा धूर आठवतो, मग टीबी, आणि शेवटी मिश्रीवरून तिलाच बोल लावले जातात. हा समज बायकांच्या जिवावर उठला आहे.

गेवराई तालुक्यातल्या उमापूर परिसरात मी काम करते. इथली कितीतरी जोडपी दर हंगामाला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांच्यातल्याच एका मावशींनी जन्मात विडी ओढलेली नाही. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, तरी त्यांना महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या. शेवटी तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. जनुकाची तपासणी करायची का, असं मी डॉक्टरांना विचारलं. उत्तर मिळालं, "कशाला? ते दुर्मीळ असतं. आणि यांना परवडणार आहे का?"

दुर्मीळ कुणासाठी? या कॅन्सरच्या काही गाठींत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल झालेला असतो आणि गेफिटिनिबसारखी गोळी अशा गाठींवर चांगली लागू पडते, हे २००४ मध्ये कळलं. हा बदल बायकांत आणि धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त आढळतो. २००९ मध्ये पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहापैकी आठ बायका होत्या. बदल असलेल्यांचा रोग या गोळीने केमोपेक्षा जास्त काळ रोखला. बदल नसलेल्यांत मात्र तीच गोळी केमोपेक्षा वाईट ठरली. म्हणजे तपासणीशिवाय गोळी देणंही चूक आणि नाकारणंही चूक. ही गोळी आपल्या देशात तयार होते आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. गोळीला केमोची जोड दिली तर रोग साधारण ८ ऐवजी १६ महिने आटोक्यात राहतो, हे मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने ३५० रुग्णांच्या अभ्यासातून दाखवलं. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पसरलेला रोग यातून बहुधा समूळ जात नाही. पण हे महिने बाईच्या हक्काचे आहेत.

आता खरोखरच दुर्मीळ बदलांविषयी. एएलके, आरओएस-१, आरईटी या जनुकांतले बदल थोड्याच रुग्णांत असतात, पण प्रत्येकावर वेगळी औषधं आहेत. ईजीएफआरमध्येही काही विरळ बदल असतात. त्यांतल्या काहींवर अफाटिनिब चालतं, तर 'एक्झॉन २०'मध्ये भर पडलेली असेल तर गेफिटिनिबचा सहसा उपयोग होत नाही. स्वस्तातली तपासणी नेहमीच्या दोन-चार जागाच पाहते. म्हणून अहवालात 'बदल नाही' असं आलं तर विचारायचं, "नेमकं काय काय तपासलं?"

मैत्रिणींनो, आणखी एक धोका ओळखा. 'जनुक' शब्द कानावर पडला की सासर म्हणतं, माहेरचंच रक्त खराब. मग लेकींच्या सोयरिकी अडतात. हे बदल बहुतेक वेळा त्या गाठीतच, आयुष्याच्या ओघात झालेले असतात. ते आईकडून आलेले नसतात आणि लेकीकडे जात नाहीत. हे गावात मोठ्याने सांगणं आपलं काम आहे.

याच बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये आरोग्य विभागाने ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवी काढताना परवडण्याचा प्रश्न आडवा आला नाही. मुकादमाकडून उचल घेऊन पैसे उभे राहिले. फुप्फुसाच्या तुकड्याची एक तपासणी मात्र परवडत नाही म्हणे!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. टीबीचे जंतू न सापडता औषध सुरू असलेल्या आणि खोकला न थांबलेल्या प्रत्येक बाईचं सीटी स्कॅन वेळेत व्हावं. या कॅन्सरचं निदान झालेल्या प्रत्येकीची जनुक तपासणी सरकारी खर्चाने व्हावी आणि तिचा अहवाल तिला समजेल अशा मराठीत तिच्याच हातात मिळावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत याची लेखी हमी मागू या. पुढच्या ग्रामसभेत पहिला ठराव उमापूरच्या बायका मांडतील. तुमच्या गावात कोण मांडणार?